सकाळची डोकेदुखी

नेरूळमधल्या सिडकोच्या जुन्या इमारतींना लिफ्ट नाही. अशाच एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ओंकार (नाव बदललं आहे) राहतो. वय १५. दोन वर्षांपूर्वीपर्यंत बाबा त्याला पाठुंगळीला घेऊन जिना उतरायचे. आता शेजारच्या दोघांना हाक मारावी लागते.

त्याला ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. साधारण ३५०० ते ५००० मुलग्यांमागे एकाला हा आजार होतो. स्नायूपेशीच्या आवरणाला आतून धरून ठेवणारं डिस्ट्रॉफिन हे प्रथिन या मुलांच्या शरीरात जवळजवळ बनतच नाही. मग स्नायू आखडला की आवरणाला थोडी इजा होते. वर्षानुवर्षं हे चालतं आणि स्नायूच्या जागी चरबी आणि चिवट तंतू येतात. आधी पाय जातात, मग हात. श्वासाचे स्नायू आणि हृदयही यातून सुटत नाही.

गेल्या वर्षी ओंकार वर्गात पेंगायला लागला. सकाळी उठल्यावर डोकं ठणकायचं, पण घरात तो बोलला नाही. "आई रात्री तीन-चारदा मला कुशीवर वळवायला उठते. तिला अजून काय सांगू?"

हे दुखणं अंगावर काढण्यासारखं नव्हतं. श्वासाचे स्नायू थकले की झोपेत श्वास उथळ होतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि सकाळी डोकं जड होतं. झोपेची तपासणी झाली आणि रात्री मास्कमधून श्वासाला जोर देणारं बायपॅप यंत्र सुरू झालं. पण त्याआधीच्या प्रत्येक भेटीत डॉक्टरांनी "झोप लागते का याला?" असं आईलाच विचारलं होतं. तो समोर बसलेला असताना! तेरा-चौदाव्या वर्षापासून दर भेटीत निदान दहा मिनिटं डॉक्टरांनी मुलाशी एकट्याशी बोललंच पाहिजे, असं मला अगदी मनापासून वाटतं.

बोलण्यासारखं खूप असतं. स्टेरॉइडमुळे स्नायूंची ताकद जास्त काळ टिकते, पण उंची खुंटते, चेहरा गोल होतो, वयात येणं लांबतं. मित्रांना मिसरूड फुटलेली असते आणि याचा आवाजही अजून फुटलेला नसतो. त्या रागात एखादा मुलगा गुपचूप गोळ्या टाकून देतो. स्टेरॉइड असं अचानक थांबवणं जिवावर बेतू शकतं. उशिरा वयात येण्यावर हार्मोनतज्ज्ञांकडे उपचार आहेत, हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

आईच्या मनातही एक गाठ असते. "तुमच्याकडूनच आलं," हे नातेवाइकांचं वाक्य तिने ऐकलेलं असतं. डिस्ट्रॉफिन बनवणारं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं आणि मुलग्याला ते गुणसूत्र आईकडून मिळतं, म्हणून बोट तिच्याकडे जातं. पण डीएनएच्या सुमारे २२ लाख अक्षरांचं हे जनुक माणसातल्या सर्वांत मोठ्या जनुकांपैकी आहे. नक्कल होताना त्यात चूक व्हायला जागाही तेवढीच मोठी. साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये हा बदल नव्यानेच झालेला असतो, आई वाहक, म्हणजे बिघडलेलं जनुक बाळगणारी, नसतेच. आणि असली, तरी त्यात तिचा काय दोष?

आई वाहक निघाली तर बहिणीचाही प्रश्न येतो. तीही वाहक असण्याची शक्यता ५० टक्के. पण ती चाचणी तिला नीट कळेल अशा वयात, तिच्या होकारानेच व्हावी. वाहक असेल तर हृदयाची तपासणी मात्र टाळू नये.

परवाच्या भेटीत ओंकारने आपली चाकाची खुर्ची स्वतःच टेबलाजवळ नेली आणि म्हणाला, "आई, तू जरा बाहेर थांबतेस?"