फ्रँचाइज: मताधिकाराच्या इंग्रजी शब्दामागची सनद

आयपीएलचा लिलाव जवळ आला की ‘फ्रँचायझी’ हा शब्द पोरासोरांच्या तोंडी असतो. इंग्रजीतून राज्यघटनेचा इतिहास वाचताना तोच शब्द ‘फ्रँचाइज’ होऊन भेटतो आणि तिथे त्याचा अर्थ निघतो मताधिकार. क्रिकेटचा संघ, आइस्क्रीमच्या दुकानाची शाखा आणि मत, यांचं नातं काय?

मूळ जुन्या फ्रेंचमध्ये आहे. ‘फ्रँक’ म्हणजे मोकळा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये फ्रँचाइज ही राजाने दिलेली मोकळीक असे. कुणाला बाजार भरवायची, कुणाला जकात घ्यायची. आपल्याकडच्या सनदेची आठवण यावी असाच प्रकार. मतही त्याच रांगेतलं. १४३० च्या कायद्याने इंग्लंडच्या परगण्यांत मत द्यायला वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची स्वतःची जमीन लागू लागली. मत म्हणजे हक्क नव्हे, ठरावीक लोकांची सवलत.

या सवलतीचं पुढे काय झालं ते ‘रॉटन बरो’ या शब्दात दिसतं. बरो म्हणजे प्रतिनिधी पाठवण्याची मुभा असलेलं गाव, आणि रॉटन म्हणजे कुजलेलं. ओल्ड सॅरममध्ये वस्ती जवळजवळ उरली नव्हती, तरी तिथून दोन खासदार जात. डनिच तर बरंचसं समुद्राने गिळलं होतं; त्याचेही दोन. गिरण्यांनी फुगलेल्या मँचेस्टरला मात्र स्वतःचा एकही नाही. १८३२ च्या रिफॉर्म अ‍ॅक्टने असे ५६ बरो मोडीत काढले. गंमत म्हणजे ‘रिफॉर्म’चा शब्दशः अर्थ पुन्हा घडवणं, आणि त्या काळचे अनेक सुधारक आपण जुनी, शुद्ध घटनाच परत आणतोय असं म्हणत. आपल्या ‘सुधारणा’ शब्दाला असं मागे वळून बघायची सवय नाही.

याच कायद्याने मतदाराच्या व्याख्येत ‘पुरुष’ हा शब्द घातला. बायकांना मत आधीही व्यवहारात नव्हतंच. आता ती मनाई कागदावर आली.

भारतात हा शब्द सरकारी कागदांतून आला. माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांच्या, म्हणजे ब्रिटिशांनी भारताच्या कारभारात केलेल्या बदलांच्या वेळी मत कुणाला द्यायचं हे ठरवायला साउथबरो समिती नेमली गेली. तिचं नावच फ्रँचाइज कमिटी. जानेवारी १९१९ मध्ये तिच्यापुढे २७ वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी साक्ष दिली आणि अस्पृश्यांच्या प्रतिनिधित्वाचा प्रश्न मांडला. पण या सुधारणांच्या १९१९ च्या कायद्याखाली मत मिळालं ते मुख्यतः शेतसारा, प्राप्तिकर, मालमत्ता बघूनच. चाळीस शिलिंगांचाच हिशेब, फक्त रुपयांत.

आंबेडकर पुढे भारताच्या राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. त्या घटनेच्या कलम ३२६ मध्ये प्रौढ मताधिकार आहे, आणि तिथे इंग्रजी शब्द फ्रँचाइज नाही, ‘सफ्रेज’ आहे. हा लॅटिनमधून आला, अर्थ सरळ ‘मत’. सोसणं या अर्थाच्या ‘सफर’शी त्याचा काही संबंध नाही, जरी दोन्ही शब्द शेजारी ठेवले की तसं वाटतं खरं. मराठी ‘मताधिकार’ या दोघांहून स्पष्टवक्ता आहे. त्याच्या पोटात सनद नाही, थेट अधिकारच आहे.