पार्श्वभूमी: पेग भरणाऱ्याची जबाबदारी

महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा 5 रुपयांत आणि आजीवन 1000 रुपयांत, असे त्याचे दर वर्षानुवर्षे चालत आले. परमिट रूममध्ये रोज बसणाऱ्या कित्येकांनी तो कागद काढलेला नसतो आणि वेटरही तो मागत नाही. बारमधल्या कर्मचाऱ्याची जबाबदारी नेमकी काय, हा प्रश्न आपल्याकडे इतका उशिरा का आला, याचं उत्तर या परवान्याच्या इतिहासात आहे.

1 ऑगस्ट 1939 रोजी बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी आणली. पुढाकार त्यातले मंत्री डॉ. गिल्डर यांचा होता. काही महिन्यांत मंत्रिमंडळानेच राजीनामा दिला आणि तो प्रयत्न बारगळला. मग 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि 1950 पासून राज्यभर बंदी लागू झाली. ज्यांना सूट हवी त्यांनी ‘आरोग्य राखण्यासाठी’ म्हणून परवाना घ्यायचा. पिणारा हा कायद्याच्या लेखी जणू रुग्णच होता. मोरारजी देसाईंच्या काळात अंमलबजावणी कडक होती, तरी हातभट्ट्या आणि आंटीचे अड्डे जोरात चालले. पुढे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना बंदी सैल झाली आणि परमिट रूम रुजल्या. मात्र कायद्याचा साचा तोच राहिला: पिणाऱ्याकडे कागद हवा, मालकाकडे लायसन्स हवं. या दोघांच्या मध्ये उभा राहून ग्लास भरणाऱ्याला काय यायला हवं, याचा कुणी विचार केला नाही.

दुसरीकडे हा विचार फार आधी सुरू झाला होता. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याने 1849 मध्येच दारू विकणाऱ्यावर तिच्यामुळे होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी टाकली. इंग्लंडच्या 1872 च्या कायद्याने आपल्या जागेत झिंगलेपणा चालू देणाऱ्या लायसन्सधारकाला दोषी धरलं. पण खरं वळण 1980 च्या दशकातलं. दारू पिऊन चालवलेल्या गाड्यांखाली मुलं गमावलेल्या आयांनी अमेरिकेत चळवळ उभी केली, दारू वाढणाऱ्यांसाठी प्रशिक्षणक्रम तयार झाले आणि ओरेगॉन राज्याने ते सक्तीचे केले. कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये तेच केलं.

या प्रशिक्षणातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मोजणी. आपल्याकडचा लार्ज पेग 60 मिलीचा. व्हिस्की 42.8 टक्के असेल तर त्यात सुमारे 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं आणि ते निचरायला शरीराला साधारण दोन तास, कधी जास्तही लागतात. कॉफी, लिंबूपाणी किंवा थंड पाण्याने तो वेळ कमी होत नाही. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची 650 मिलीची बाटली म्हणजे जवळजवळ दोन लार्ज. तरीही ‘फक्त बिअर घेतली’ म्हणत माणूस गाडीची चावी उचलतो. मोटार वाहन कायद्याची मर्यादा आहे 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम. रिकाम्या पोटी एका लार्जनेही ती ओलांडली जाऊ शकते. हे वेटरला ठाऊक असेल तर तो जेवणाची ऑर्डर लवकर घेतो, पाणी ठेवतो आणि पुढचा पेग आणायला मुद्दाम वेळ लावतो. नकार द्यायची वेळ त्यानंतर येते, आणि अनेकदा येतच नाही.

आपल्याकडे हा विषय ऐरणीवर आला तो 19 मे 2024 च्या पहाटे. पुण्यात कल्याणीनगरला भरधाव पोर्शेने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. गाडी चालवणारा 17 वर्षांचा होता. त्याला दारू दिल्याच्या आरोपावरून बारचे मालक आणि मॅनेजर अटकेत गेले. जुलैमध्ये मुंबईत वरळीला झालेल्या जीवघेण्या अपघातानंतर, गाडी चालवणाऱ्या आरोपीला दारू दिल्याबद्दल उत्पादन शुल्क विभागाने जुहूचा एक बार सील केला. आरोपीचं वय 25 च्या आत होतं. महाराष्ट्रात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 ही वयं ठरलेली आहेत, हे त्या आठवड्यांत अनेकांनी पहिल्यांदाच ऐकलं.

दोन्ही वेळा कारवाई जीव गेल्यावर झाली. 2018 च्या नियमांनी बाटलीवर ‘दारू पिऊन गाडी चालवू नका’ हा इशारा आला खरा, पण पेगने पिणाऱ्याला बाटली दिसतच नाही, ती काउंटरवर असते. त्याला दिसतो तो वेटर. आणि त्या वेटरचा पगार तुटपुंजा, टिप बिलावर ठरणारी. चौथा पेग नाकारला तर गिऱ्हाईक चिडतं, टिप जाते आणि मालक गल्ल्यावरून जाब विचारतो. नकार देणाऱ्या माणसामागे मालकाने उभं राहायचं, ही अट लायसन्समध्येच यायला हवी आणि नूतनीकरणाच्या वेळी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचा दाखला मागायला हवा. कायद्याने 1949 पासून पिणाऱ्याचा कागद मागितला. वाढणाऱ्याचा अजून मागितलेला नाही.