चहाचे प्रकार आणि तब्येत

चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस नावाच्या झुडपाच्या कोवळ्या पानांपासून केलेलं पेय. ब्लॅक, ग्रीन, व्हाइट, ऊलाँग, पु-एर ही सगळी मंडळी एकाच झाडाची, फरक पडतो तो पानं खुडल्यावर त्यांचं काय करतात त्याने. पानं लगेच वाफवली किंवा गरम कढईत परतली की पान काळं पाडणारी आतली एन्झाइम्स निकामी होतात आणि पान हिरवं राहतं, तो ग्रीन टी. चुरगाळून हवेवर काळं पडू दिलं की ब्लॅक टी, अर्ध्यावर थांबवलं की ऊलाँग, कोवळ्या कळ्या नुसत्या वाळवल्या की व्हाइट, आणि पु-एर हा चीनच्या युन्नान प्रांतातला, तो मुरवतात, कधीकधी वर्षानुवर्षं. आपल्या डब्यातली पावडर ब्लॅक टीच असते, फक्त सीटीसी मशीनच्या रोलरमधून चिरडून, फाडून, दाणे करून काढलेली. ही पद्धत १९३०च्या आसपास आसामात निघाली, आणि त्या बारीक दाण्यातून रंग नि कडकपणा झटकन उतरतो म्हणून तर एवढं दूध ओतूनही आपला चहा फिका पडत नाही.

तब्येतीच्या दृष्टीने पानात बघण्यासारख्या गोष्टी तीन: पॉलिफेनॉल्स (चहाला तुरटपणा देणारी वनस्पतींतली द्रव्यं), कॅफिन आणि थिअ‍ॅनिन. ग्रीन टीमधल्या पॉलिफेनॉल्सना कॅटेचिन म्हणतात, त्यातलं ईजीसीजी हे जाहिरातवाल्यांचं फार लाडकं. ब्लॅक टी काळा पडताना यातली बरीचशी कॅटेचिन्स बदलून थिअ‍ॅफ्लेविन आणि थिअ‍ॅरुबिजिन होतात, म्हणजे ती वाया जात नाहीत, रूप बदलतात, तेव्हा 'ग्रीन टी म्हणजे औषध आणि आपला चहा म्हणजे विष' असं जे सर्रास बोललं जातं त्याला फारसा आधार नाही. थिअ‍ॅनिन हे अमिनो आम्ल कॅफिनच्या जोडीला असतं, दोन्ही मिळून लक्ष एकाग्र व्हायला थोडी मदत होते असं छोट्या प्रयोगांत दिसलंय. माचा या जपानी ग्रीन टीमध्ये तर अख्ख्या पानाची पूडच पोटात जाते, त्यामुळे चांगलं-वाईट दोन्ही जास्त, कॅफिनसुद्धा.

अभ्यास काय सांगतात

ब्रिटनमधल्या सुमारे ५ लाख लोकांच्या माहितीवरून २०२२ साली एक मोठा अभ्यास आला, त्यात रोज दोन किंवा जास्त कप चहा पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका न पिणाऱ्यांपेक्षा ९ ते १३ टक्क्यांनी कमी दिसला, आणि हा बहुतेक सगळा ब्लॅक टी होता, तोही दूध घातलेला. जपानमध्ये ४० हजारांवर लोकांच्या २००६च्या अभ्यासात ग्रीन टी भरपूर पिणाऱ्यांमध्ये हृदयविकार आणि पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी आढळले, कॅन्सरच्या मृत्यूंमध्ये मात्र काही फरक नव्हता. ही 'कॅन्सर'ची गोष्ट फॉरवर्ड करणारे नेमकी गाळतात. दुसरं असं की हे सगळं निरीक्षण आहे, चहा पिणारा माणूस इतर बाबतीतही वेगळा राहत असू शकतो, त्यामुळे चहानेच आयुष्य वाढलं असं छातीठोक म्हणता येत नाही. प्रत्यक्ष प्रयोग करून बघितले तेव्हा रक्तदाब आणि एलडीएल म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल थोडंसं उतरतं एवढं दिसलं. थोडंसंच.

वजनाचं काय, हा प्रश्न हमखास येतो. ग्रीन टीने वजन उतरतं, पण इतकं किरकोळ की काट्यावर कळणारही नाही, कॉक्रेन या संस्थेने अनेक प्रयोग एकत्र तपासून २०१२ साली काढलेल्या आढाव्याचा सूर तोच आहे. संध्याकाळी वडापाव नि वर ग्रीन टी हा हिशोब जमत नाही. आणि ग्रीन टीच्या कॅप्सूल हा वेगळा आणि जरा गंभीर विषय, कारण त्यात ईजीसीजी एकदम मोठ्या डोसमध्ये जातं. दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतलं तर यकृताला इजा होऊ शकते असा इशारा युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये दिला. कपातून प्यायलेल्या चहाबद्दल तशी चिंता नाही.

दूध, साखर, गूळ

दुधामुळे चहाचे गुण मरतात का यावर एकमत नाही. बर्लिनला २००७ साली १६ बायकांवर प्रयोग झाला, त्यात कोऱ्या चहाने रक्तवाहिन्या जशा सैलावल्या तशा दूध घातलेल्या चहाने सैलावल्या नाहीत, पण १६ जणींवरून जगाचा निकाल लावायचा नसतो, आणि वरच्या ब्रिटिश अभ्यासात दुधाने काही बिघडलेलं दिसलं नाही. अर्थात ब्रिटिशांचं दूध म्हणजे वरून सोडलेली एक धार आणि आपल्याकडे अर्धं दूध अर्धं पाणी, उकळून उकळून घट्ट केलेलं, त्यामुळे त्यांचे आकडे जसेच्या तसे आपल्या कपाला लावायला नकोत.

खरा घोळ साखरेचा. कपाला दोन चमचे धरले आणि दिवसाला चार चहा झाले (ऑफिसात तर न मागता होतात) तर ३२ ते ४० ग्रॅम साखर नुसती चहातून गेली, आणि जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर उत्तम. मग लोक गुळाच्या चहाकडे वळतात, गेल्या काही वर्षांत गावोगावी त्याची दुकानं निघालीयेत. चव छानच लागते, पण गूळ हीसुद्धा मुख्यतः साखरच, त्यातलं लोह वगैरे चहात पडणाऱ्या खड्यापुरतं नगण्य, आणि डायबिटीसवाल्याने 'गुळाचा आहे, चालतो' म्हणून दोन कप जास्त घेतले तर तोटाच. करायचाच तर गॅस बंद करून शेवटी गूळ घालावा, उकळत्या दुधात पडला की चहा फाटतो.

जेवण आणि चहा

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हा, आणि याच्याकडेच कुणी बघत नाही. चहातली पॉलिफेनॉल्स धान्य, डाळी, पालेभाज्यांमधल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यातून रक्तात नीट जात नाही. जेवणाबरोबर कडक चहा घेतला तर हे शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. मटण-मासळीतल्या लोहावर एवढा परिणाम होत नाही, पण शाकाहारी घरात सगळी भिस्त डाळी-भाज्यांवरच असते. आता आपला नाश्ता बघा, कांदेपोहे आणि सोबत चहा, किंवा चहात बुडवलेली चपाती, घाईच्या घरात बाईचा सकाळचा आहार कित्येकदा एवढाच. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना अ‍ॅनिमिया होता. तो चहामुळे झाला असं कुणी म्हणत नाही, कारणं बरीच आहेत, पण आधीच कमी असलेल्या लोहात चहा वाटेकरी होतो हे खरं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४च्या आहार मार्गदर्शक सूचनांमध्ये जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळा असं सांगितलंय. पोह्यांवर लिंबू पिळायची पद्धत मात्र अगदी बरोबर, क जीवनसत्त्वाने लोहाचं शोषण सुधारतं. लोहाच्या आणि थायरॉइडच्या गोळ्या चहाबरोबर अजिबात घेऊ नयेत, साध्या पाण्याबरोबर घ्याव्यात.

त्याच सूचनांमध्ये कॅफिनची मर्यादा दिवसाला ३०० मिलिग्रॅम दिलीय, आणि १५० मिलिलिटर चहात साधारण ३० ते ६५ मिलिग्रॅम असतं. म्हणजे चार-पाच कपांपर्यंत बहुतेकांचं निभतं. गरोदरपणात मात्र बरेच डॉक्टर २००च्या आत राहायला सांगतात. कॅफिन अंगातून निम्मं उतरायलाच पाचेक तास लागतात, त्यामुळे रात्री नऊचा चहा पिऊन 'मला झोप येत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी तो चहा सोडून बघावा, मग डॉक्टर गाठावा. अ‍ॅसिडिटीचा त्रास असेल तर रिकाम्या पोटी कडक चहा त्रास वाढवतो, हे तर त्या माणसाला आधीच माहीत असतं आणि तरी तो पितो.

चहा किती गरम

२०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयांना 'बहुधा कॅन्सरकारक' या गटात टाकलं. दोष चहाचा नाही, चटक्याचा, अन्ननलिका रोज रोज भाजत राहिली की धोका वाढतो. इराणच्या गोलेस्तान प्रांतात ५० हजार लोकांवर नजर ठेवून केलेल्या अभ्यासात (२०१९) ६० अंशांपेक्षा गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटरहून जास्त पिणाऱ्यांना अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका, कमी आणि कोमट पिणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ९० टक्क्यांनी जास्त आढळला. या हिशोबाने बशीत ओतून फुरके मारत चहा पिणारी जुनी माणसं शहाणीच म्हणायची, बशीत पसरला की मिनिटभरात निवतो. कॉलेजात गेल्यावर ती पद्धत गावंढळ म्हणून सोडून दिली जाते हे आपलं नुकसान. टपरीवरच्या कागदी कपाचं आणखी वेगळंच, त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो आणि खरगपूर आयआयटीच्या संशोधकांना १०० मिलिलिटर गरम द्रवात १५ मिनिटांत सुमारे २५ हजार सूक्ष्म प्लास्टिक कण उतरलेले सापडले. ते पोटात जाऊन नक्की काय करतात यावर काम चालू आहे, तोवर काचेचा ग्लास बरा.

चहाची पानं नसलेले चहा

गवती चहा, तुळस, आलं, कॅमोमाइल, जास्वंद, दक्षिण आफ्रिकेतलं रुइबॉस यांचा चहाच्या झाडाशी संबंध नाही. कॅफिनही नसतं, अर्थात नुसते उकळले तर, आपण त्यात पावडर टाकतोच. कोकणात परसातला गवती चहा पावसाळ्यात घातला जातो, पारशी घरांत पुदिन्याच्या जोडीने, वास मस्त येतो, सर्दीत वाफ नि गरम पाणी मिळून घशाला बरं वाटतं, त्याहून मोठे दावे मनावर घेऊ नयेत. आल्याने मळमळ कमी होते याला बऱ्यापैकी पुरावा आहे. लाल अंबाडीच्या बोंडांचा चहा, जो हिबिस्कस टी म्हणून महाग विकतात, त्याने रक्तदाब थोडा उतरतो. अमेरिकेत ६५ जणांवरच्या प्रयोगात सहा आठवडे रोज तीन कप दिल्यावर रक्तदाबाचा वरचा आकडा सरासरी ७ने खाली आला. बीपीची गोळी चालू असेल तर हे डॉक्टरच्या कानावर घालावं. पुदिना पोटाला हलका वाटतो पण घशाशी आंबट येणाऱ्यांचा त्रास त्याने वाढतो. गोव्यातला धने-जिऱ्याचा कशाय, म्हणजे काढा, रात्रीसाठी सोयीचा, झोप मोडत नाही. जेष्ठमध मात्र रोजच्या रोज कपात टाकू नये, जास्त झाला तर अंगातलं पोटॅशियम उतरतं आणि रक्तदाब वाढतो, म्हणजे बीपीवाल्याने खोकल्यासाठी चार दिवस घेतला ते वेगळं, पण 'नॅचरल आहे' म्हणून महिनोन्महिने चालू ठेवायचा पदार्थ तो नाही.