प्रभारी कोच आणि ठरलेला वारस: बाउडन बापलेकांच्या दोन खुर्च्या

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये बाउडन हे नाव माहीत नसलेला चाहता सापडणं कठीण. वडील बॉबी बाउडन १९७६ पासून फ्लोरिडा स्टेटचे मुख्य कोच, मुलगा टॉमी बाउडन १९९९ च्या हंगामापासून क्लेमसनचे. दोन्ही संघ एकाच एसीसी लीगमधले, दरवर्षी समोरासमोर येणारे. २००८ मध्ये मुलाची खुर्ची रिकामी झाली आणि पुढच्याच वर्षी वडिलांची. मुलाच्या जागी डॅबो स्विनी आले, वडिलांच्या जागी जिम्बो फिशर. दोघेही त्याच संघात आधीपासून सहायक म्हणून काम करणारे आणि दोघांनीही पुढे राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं.

तेव्हापासून एखादा मोठा कोच निवृत्त होणार अशी कुणकुण लागली की चाहत्यांच्या वादात हमखास एक वाक्य येतं: ‘बाहेरचा कशाला, स्विनी-फिशरसारखा घरचाच माणूस नेमा.’ ही दोन नावं अशी जोडीने घेणं मला पटत नाही. स्विनी हे प्रभारी कोच होते, म्हणजे तिकडच्या भाषेत इंटरिम. फिशर हे कोच-इन-वेटिंग, म्हणजे आधीच ठरलेले वारस. दोन्ही व्यवस्था लांबून सारख्या दिसतात, पण त्यांची कारणं, त्यांतले धोके आणि त्यांचे हिशेब पूर्ण वेगळे आहेत.

या खेळाशी ओळख नसलेल्यांसाठी थोडं सांगतो. पर्ड्यू, पेन स्टेट, ओहायो स्टेट ही नावं मराठी घरांत एमएस किंवा पीएचडीच्या निमित्ताने येतात, पण त्या गावांत ऑगस्टअखेरपासून हिवाळ्यापर्यंत शनिवार असतो तो फुटबॉलचा. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, लांबट चेंडूने खेळायचा अमेरिकन खेळ. पेन स्टेटच्या बीव्हर स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात. अनेक राज्यांत सरकारी तिजोरीशी जोडलेल्या नोकऱ्यांमध्ये सगळ्यात मोठा पगार राज्यपालाचा नसतो, तो विद्यापीठाच्या फुटबॉल कोचचा असतो. त्यामुळे त्या खुर्चीवर पुढे कोण बसणार यावरून लोक महिनोन्‌महिने भांडतात, आणि ते मला अगदी स्वाभाविक वाटतं.

आता फरकाकडे येऊ. प्रभारी कोच खुर्ची रिकामी झाल्यावर बसतो. आपल्याकडे कुलगुरूंची मुदत संपली आणि नवी निवड झाली नाही की प्रभारी कुलगुरू नेमतात, तसंच हे. सह्या तोच करतो, निर्णय तोच घेतो, पण पुढचं कुणी काही बोललेलं नसतं. ठरलेल्या वारसाचं उलट असतं. खुर्ची भरलेली असते आणि तो शेजारी उभा असतो. त्याच्याकडे लेखी शब्द असतो, बहुतेक वेळा करारातली मोठी रक्कमही असते, पण संघ दुसऱ्याच्याच हुकमावर चालतो. एकाला अधिकार मिळतो, आश्वासन मिळत नाही. दुसऱ्याला आश्वासन मिळतं, अधिकार मिळत नाही.

क्लेमसनमध्ये काय झालं ते पाहा. २००८ चा हंगाम सुरू होताना संघ देशात नवव्या क्रमांकावर धरला होता. सहा सामन्यांत तीन हरल्यावर, १३ ऑक्टोबरला, टॉमी बाउडन पायउतार झाले. क्रीडा संचालक टेरी डॉन फिलिप्स यांनी आक्रमण आणि बचाव सांभाळणाऱ्या दोन्ही को-ऑर्डिनेटरना ओलांडून रिसीव्हर्सच्या, म्हणजे चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंच्या, कोचला पुढे केलं. स्विनी तेव्हा अडतीस वर्षांचे होते आणि त्यांनी आधी को-ऑर्डिनेटरचंही काम केलेलं नव्हतं. पहिलं काम त्यांनी कुठलं केलं? आक्रमणाचे को-ऑर्डिनेटर रॉब स्पेन्स यांना घरी पाठवलं. प्रभारी असूनही हे करता आलं, कारण वर कुणी उरलेलंच नव्हतं. पहिला सामना ते जॉर्जिया टेककडून हरले, पुढे फ्लोरिडा स्टेटकडून, म्हणजे थोरल्या बाउडनांच्याच संघाकडून हरले. बाकीचे चार जिंकले, शेवटचा परंपरागत वैरी साउथ कॅरोलायनाविरुद्ध. १ डिसेंबरला नेमणूक कायम झाली. तो सगळा दीड महिना त्यांची उघड परीक्षाच चालू होती आणि ती सगळा देश पाहत होता.

फ्लोरिडा स्टेटमध्ये असं काही घडलंच नाही. फिशर २००७ मध्ये आक्रमणाचे को-ऑर्डिनेटर म्हणून आले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये त्यांना वारस जाहीर केलं गेलं. जानेवारी २०११ पर्यंत मुख्य कोच केलं नाही तर त्यांना पन्नास लाख डॉलर द्यायचे, असं करारात होतं. ज्या बॉबी बाउडनांनी १९९३ आणि १९९९ ची विजेतेपदं आणली, १९८७ ते २००० अशी सलग चौदा वर्षं संघाला देशातल्या पहिल्या पाचांत ठेवलं, त्यांच्या नावापुढे अशा रीतीने एक तारीख लागली. ती त्यांनी स्वतः निवडलेली नव्हती. २००९ चा हंगाम बिघडत गेला तसं विश्वस्त मंडळाच्या अध्यक्षांनी ऑक्टोबरमध्येच जाहीरपणे सांगून टाकलं की हे बाउडनांचं शेवटचं वर्ष असावं. बाउडनांना आणखी एक वर्ष हवं होतं. ते मिळालं नाही. ऐंशीव्या वर्षी, १ डिसेंबर २००९ ला, त्यांनी निवृत्ती जाहीर केली.

या दोन वर्षांत फिशर काय करू शकत होते? आपलं आक्रमण चालवायचं आणि गप्प राहायचं. बचाव मिकी अँड्र्यूज यांच्याकडे होता, १९८४ पासून. त्या शेवटच्या हंगामात तो ढासळत होता, तरी वारसाला त्यात हात घालता येत नव्हता. अँड्र्यूजही बाउडनांबरोबर निवृत्त झाले तेव्हा कुठे फिशरना स्वतःचा माणूस, मार्क स्टूप्स, आणता आला. स्विनींना जे पहिल्या दिवशी मिळालं त्यासाठी फिशरना दोन वर्षं थांबावं लागलं. ही वाट पाहणं फळाला आलं, २०१३ च्या हंगामात फ्लोरिडा स्टेट अजिंक्य राहून विजेती ठरली, हे खरंच. पण एका थोर माणसाची शेवटची दोन वर्षं त्यात कडवट झाली, हेही तितकंच खरं आहे. मला ते अजूनही खटकतं.

मग विद्यापीठं अशी व्यवस्था करतात कशाला? कारण आहे भरती. हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातला मुलगा कॉलेज निवडताना विचारतो की चार वर्षांनी मला शिकवायला कोण असेल. कोच सत्तरीच्या पुढचा असला की प्रतिस्पर्धी हाच प्रश्न मुलाच्या आईवडिलांच्या कानात घालतात. वारस जाहीर केला की त्याला उत्तर मिळतं. प्रभारी कोचची गरज याहून साधी आहे: शनिवारी सामना आहे आणि कुणीतरी मैदानाच्या कडेला उभं राहायला हवं. डिसेंबरच्या सुरुवातीला कोच दुसरीकडे गेला आणि बोल सामना, म्हणजे हंगामानंतरचा मानाचा सामना, महिनाअखेरीला असला, तर तेवढ्यापुरताही प्रभारी लागतो. २०२१ मध्ये लिंकन रायली ओक्लाहोमा सोडून यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) गेले तेव्हा ओक्लाहोमाचेच निवृत्त झालेले कोच बॉब स्टूप्स परत आले आणि अलामो बोलमध्ये त्यांनी ओरेगॉनला ४७–३२ असं हरवलं. वारसाचा तिथे प्रश्नच नव्हता. प्रभारी हा मागच्या पिढीचा दिग्गजही असू शकतो, तो असा.

ठरलेल्या वारसाच्या गोष्टीत एकच तपशील बघावा असं माझं मत आहे: मूळ कोचच्या जाण्याची तारीख पक्की आहे का? विस्कॉन्सिनमध्ये बॅरी अल्वारेझ यांनी २००५ च्या उन्हाळ्यात सांगितलं की हा हंगाम शेवटचा, त्यानंतर ब्रेट बीलेमा. एका हंगामाचा प्रश्न होता, सगळं सुरळीत पार पडलं. ओहायो स्टेटमध्ये अर्बन मायर यांनी डिसेंबर २०१८ मध्ये रोझ बोलनंतर थांबतो म्हटलं आणि रायन डे यांच्या हाती संघ दिला. महिनाभराची बाब. याउलट टेक्ससमध्ये २००८ साली विल मशचॅम्प यांना मॅक ब्राउन यांचे वारस केलं, तारीख मात्र दिली नाही. दोन वर्षं वाट पाहून मशचॅम्प फ्लोरिडाचे मुख्य कोच झाले आणि ब्राउन २०१३ च्या हंगामापर्यंत टेक्ससमध्येच राहिले. मेरीलँडमध्ये जेम्स फ्रँकलिन यांचं तेच झालं. ते व्हँडरबिल्टला गेले आणि काही दिवसांतच विद्यापीठाने मूळ कोच राल्फ फ्रीजन यांनाही निरोप दिला. ना वारस राहिला, ना वारसा देणारा.

प्रभारी कोचबाबत चाहते दुसऱ्या बाजूने चुकतात: चार-सहा सामन्यांचा निकाल बघून भुलतात. एड ऑर्जरॉन यांनी २०१३ मध्ये यूएससीला प्रभारी म्हणून आठपैकी सहा सामने जिंकून दिले, खेळाडूंनी त्यांच्यासाठी जीव टाकला, तरी नोकरी स्टीव्ह सार्किसियन यांना मिळाली. २०१६ मध्ये एलएसयूने (लुइझियाना स्टेट) लेस माइल्स यांना हंगामाच्या मध्यात काढलं आणि ऑर्जरॉन पुन्हा प्रभारी झाले. सातपैकी पाच जिंकले. या वेळी नोकरी मिळाली आणि २०१९ मध्ये पंधराच्या पंधरा सामने जिंकून एलएसयू विजेती झाली. तोच माणूस, जवळपास तोच निकाल, दोन विद्यापीठांचे दोन निर्णय. निकालापेक्षा वरच्यांना नेमकं काय हवंय यावर ते ठरलं.

प्रकरण बदनामीचं असेल तर घरच्या प्रभारीला संधी जवळजवळ नसतेच. नोव्हेंबर २०११ मध्ये सँडस्की प्रकरणात, म्हणजे माजी सहायक कोच जेरी सँडस्की यांच्यावरच्या बाल लैंगिक अत्याचाराच्या आरोपांवरून, पेन स्टेटने जो पटर्नो यांना काढलं. १९६६ पासूनचे कोच, ४०९ विजय. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. जागी आले टॉम ब्रॅडली, तीस वर्षांहून जास्त काळ पटर्नोंचे सहायक. त्याच वर्षी ओहायो स्टेटमध्ये जिम ट्रेसल यांच्या राजीनाम्यानंतर लूक फिकेल संघ चालवत होते. १९ नोव्हेंबरला हे दोन संघ भिडले आणि ब्रॅडलींना प्रभारी म्हणून एकमेव विजय मिळाला, २०–१४. काही आठवड्यांत ओहायो स्टेटने मायरना आणलं, पेन स्टेटने न्यू इंग्लंड पेट्रियट्स या व्यावसायिक संघाकडून बिल ओब्रायन यांना. ब्रॅडली किंवा फिकेल यांनी सगळे सामने जिंकले असते तरी निराळं काही झालं असतं असं मला वाटत नाही. तिथे जुनं पान उलटायचंच होतं.

दोन्ही व्यवस्था एकाच माणसाच्या वाट्याला आल्याचं उदाहरण मात्र वेस्ट व्हर्जिनियाचं, आणि ते सगळ्यात बोलकं आहे. डिसेंबर २००७ मध्ये रिच रॉड्रिगेझ मिशिगनला निघून गेले. प्रभारी म्हणून बिल स्टुअर्ट उभे राहिले, त्याच राज्यात जन्मलेले, संघावर मनापासून प्रेम करणारे. २ जानेवारी २००८ ला फिएस्टा बोलमध्ये त्यांनी बलाढ्य ओक्लाहोमाला ४८–२८ असं हरवलं. दुसऱ्याच दिवशी नोकरी कायम. एका सामन्याच्या भरात घेतलेला तो निर्णय होता. पुढचे तीन हंगाम प्रत्येकी नऊ विजय, चार पराभव. वाईट नाही, पण लोकांना त्याहून जास्त हवं होतं. डिसेंबर २०१० मध्ये क्रीडा संचालक ऑलिव्हर लक यांनी डेना हॉलगर्सन यांना आणलं आणि जाहीर केलं की २०११ ला हे को-ऑर्डिनेटर, २०१२ पासून मुख्य कोच. निवृत्त होऊ न इच्छिणाऱ्या कोचच्या शेजारी वर्षभर वारस बसवायचा, असा हा बेत होता. सहा महिनेही तो टिकला नाही. जून २०११ मध्ये वादात सापडून स्टुअर्ट यांनी राजीनामा दिला. वर्षभरात, मे २०१२ मध्ये, ते गेले.

बॉबी बाउडनांचा शेवटचा सामना, १ जानेवारी २०१० चा गेटर बोल, याच वेस्ट व्हर्जिनियाविरुद्ध होता. तिथे ते स्वतः १९७० ते १९७५ कोच होते. फ्लोरिडा स्टेट ३३–२१ ने जिंकली. एका बाजूला बाउडन आणि त्यांचा ठरलेला वारस, दुसऱ्या बाजूला प्रभारीचा कायम झालेला स्टुअर्ट.

या दोहोंत तिसरी एक गोष्ट मिसळते ती कार्यवाहू कोचची. खुर्ची रिकामीही नाही, वारसही ठरलेला नाही, फक्त मूळ कोच काही आठवडे निलंबित आहे. रायन डे यांनी २०१८ चे पहिले तीन सामने असेच सांभाळले. मिशिगनमध्ये २०२३ साली जिम हार्बॉ निलंबित असताना शेरॉन मूर यांनी ओहायो स्टेटला ३०–२४ हरवलं आणि पुढे हार्बॉ गेल्यावर तीच नोकरी त्यांना मिळाली.

१० जानेवारी २०२४ ला निक सेबन यांनी अलाबामात सतरा हंगाम आणि सहा विजेतेपदांनंतर निवृत्ती जाहीर केली. चाहत्यांमध्ये स्विनी, सार्किसियन, ओरेगॉनचे डॅन लॅनिंग अशी नावं गाजत होती आणि अनेकजण विचारत होते की प्रभारी कोण, वारस का नाही ठरवला. हंगाम संपला होता, पुढचा सामना ऑगस्टअखेर, त्यामुळे प्रभारीची गरज नव्हती. सेबननी आधी तारीख दिली नव्हती, त्यामुळे वारसही नव्हता. क्रीडा संचालक ग्रेग बर्न यांनी दोन दिवसांत वॉशिंग्टनचे केलन डिबोर यांना आणलं. वारस नसण्याची किंमतही लगेच कळली. कोच गेल्यावर खेळाडूंना दुसरीकडे जायला तेव्हा तीस दिवसांची मुभा होती. त्या मुदतीत केलेब डाउन्स हा अलाबामाचा उत्तम सेफ्टी, म्हणजे बचावातला खेळाडू, रायन डे यांच्या ओहायो स्टेटला गेला, आणि वर्षभराने, २० जानेवारी २०२५ ला, नोटर डेमला ३४–२३ हरवून तो संघ राष्ट्रीय विजेता झाला.