उष्णता बाहेर पडली तरच अभिक्रिया आपोआप होते?

नाही. हा समज एकोणिसाव्या शतकातला; थॉमसेन आणि बर्थेलो या रसायनशास्त्रज्ञांनी तर त्याचा नियमच केला होता. अजून तो वर्गात ऐकू येतो.

अमोनियम नायट्रेट पाण्यात ढवळून बघा. पेला हाताला गार लागतो, हवा दमट असेल तर बाहेरून थेंब धरतात. मोलमागे सुमारे २६ किलोज्यूल उष्णता शोषली जाते, तरी क्षार मुकाट विरघळतो! कारण स्फटिकात जखडलेले आयन मोकळे होऊन एन्ट्रॉपी, म्हणजे विस्कळीतपणाचं माप, वाढते: मोलमागे, केल्विनमागे सुमारे १०८ ज्यूल. त्याला २९८ केल्विनने गुणलं की ३२ किलोज्यूल. २६ वजा ३२, म्हणजे गिब्ज ऊर्जेतला (उष्णता आणि एन्ट्रॉपी दोन्हींचा हिशेब धरणाऱ्या ऊर्जेतला) बदल उणे ६ किलोज्यूल. स्थिर तापमान-दाबाला कौल देतं ते हे उणे चिन्ह, एकटी एन्थाल्पी (स्थिर दाबाला घेतलेली-सोडलेली उष्णता) नव्हे.

आणि ‘आपोआप’ म्हणजे ‘झटपट’ नव्हे, हा घोळ वेगळाच.