क्रॉसबो: 1139 ची बंदी आणि नंतरचा व्यवहार

क्रॉसबो म्हणजे दांड्यावर आडवे बसवलेले, चाप ओढून बाण सोडणारे धनुष्य. चीनमध्ये तो इसवी सनापूर्वीपासून होता. रोमन काळातल्या गॉलमधील शिल्पांतही तो शिकाऱ्याच्या साहित्यात दिसतो. युरोपच्या रणांगणावर त्याचा दरारा वाढला तो 11व्या-12व्या शतकात.

1139 साली रोमच्या लॅटरन इथे भरलेल्या धर्मसभेने ख्रिस्ती लोकांवर ही ‘प्राणघातक आणि देवाला अप्रिय’ विद्या चालवणाऱ्यांना बहिष्काराचा धाक घातला. ‘पोपची क्रॉसबोबंदी’ म्हणून सर्रास सांगतात ती हीच. पण ते अर्धेच खरे आहे. कलमात साधे धनुर्धारीही येतात आणि बिगरख्रिस्ती शत्रूवरील वापराला त्यात मनाई नाही. क्षुल्लक शिपायाने चिलखती सरदार लोळवावा हे उमरावांना खुपले, असेही सांगितले जाते. कलमात मात्र तसे कारण दिलेले नाही. त्याच सभेने सरदारांच्या झुंजींच्या मेळ्यांनाही मनाई केली होती. त्यावरून या कलमाचा रोख पैजेच्या नेमबाजीवर असावा, असा एक तर्क आहे. तो ओढूनताणून आणलेला वाटतो. पैजाच थांबवायच्या होत्या, तर ‘ख्रिस्ती लोकांविरुद्ध’ हे शब्द कशाला?

बंदी पाळली मात्र कोणीच नाही. 1199 मध्ये फ्रान्समधल्या शालू किल्ल्याच्या वेढ्यात इंग्लंडच्या राजाच्या खांद्यात क्रॉसबोचा बाण घुसला आणि जखम चिघळून तो मेला. 1215 च्या ‘मॅग्ना कार्टा’ या सनदेत इंग्लंडच्या पुढच्या राजाकडून परदेशी क्रॉसबोधारी देशाबाहेर घालवण्याचे वचन घेतले गेले, पण तो राग भाडोत्री परक्यांवर होता, हत्यारावर नव्हे. 1346 मध्ये क्रेसीच्या लढाईत फ्रेंचांनी इटलीतल्या जिनोआचे भाडोत्री क्रॉसबोधारीच पुढे केले. त्यांच्या मोठ्या ढाली मागे सामानात राहिल्या होत्या. लांब धनुष्यवाल्या इंग्रजांच्या झपाट्यापुढे ते टिकले नाहीत.

15व्या शतकात पोलादी कमानी आल्या. त्यांतल्या जबर कमानी नुसत्या हातांनी ताणणे अशक्य. तरफ, रहाट किंवा दातेरी चाक लागे आणि वेळही जाई. पुढे बंदुकीने युद्धातली जागा घेतली.

शिकारीत मात्र क्रॉसबो टिकला. प्रत्यंचा एकदा अडकवली की दबा धरून बसता येई. धूर नाही, मोठा आवाज नाही. पाखरांसाठी बोथट टोकाचे बाण असत. मांस फाटत नसे. इंग्लंडमध्ये 1541 च्या कायद्याने वर्षाला 100 पौंडांचे उत्पन्न नसणाऱ्यांना क्रॉसबो आणि बंदूक दोन्ही बाळगायला मनाई केली. त्यामागे लांब धनुष्याचा सराव मागे पडत असल्याची तक्रारही होती.