व्हिंटेज स्टिरिओ रिसीव्हर आणि स्पीकरची जुळणी

व्हिंटेज स्टिरिओ रिसीव्हर म्हणजे रेडिओ ट्यूनर, प्रीअँप (नाजूक सिग्नल सावरणारा भाग) आणि दोन चॅनेलचा पॉवर अँप (स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणारा भाग) एकाच पेटीत बसवलेला जुना घरगुती संच. साधारण १९६० ते १९८० या काळातल्या संचांना हौशी लोक या नावाने ओळखतात. सर्वांत जास्त मागणी असते ती सत्तरच्या दशकातल्या संचांना: समोर अ‍ॅल्युमिनियमची जाड पट्टी, हाताला भरीव लागणारे व्हॉल्यूमचे बटण आणि अंधारात निळसर किंवा हिरवट उजळणारी डायल. असा संच घेताना बहुतेक जण आधी वॉट बघतात, मग नाव बघतात आणि शेवटी घरी आणून स्पीकरला जोडतात. निवडीचा क्रम खरे तर वेगळा हवा. आधी स्पीकर, मग त्या नगाची अवस्था, आणि नाव सर्वांत शेवटी.

स्टिरिओ तबकड्या १९५८ च्या सुमारास बाजारात आल्या आणि १ जून १९६१ पासून अमेरिकेत एफएमवर स्टिरिओ प्रसारण सुरू झाले. तोवर दर्दी श्रोता ट्यूनर, प्रीअँप आणि पॉवर अँप वेगवेगळे घेऊन तारांचा गुंता सांभाळत असे. ज्यांना हा खटाटोप नको होता त्यांच्यासाठी फिशर, एच. एच. स्कॉट, हार्मन कार्डन या अमेरिकी कंपन्यांनी सगळे एका पेटीत आणले. फिशर ५००-सी हा त्या पिढीचा उत्तम नमुना. आत व्हॉल्व्ह (ट्रान्झिस्टरआधीच्या काचेच्या नळ्या), आणि मागे ४, ८ व १६ ओहमच्या (ओहम म्हणजे विजेच्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचे माप) स्पीकरसाठी निरनिराळी टर्मिनल. दशक सरता सरता व्हॉल्व्हची जागा ट्रान्झिस्टरने घेतली आणि उत्पादनाचा भार जपानकडे सरकला. सॉल मरँट्झ यांनी न्यूयॉर्कमध्ये उभी केलेली कंपनी १९६४ मध्ये सुपरस्कोप या अमेरिकी कंपनीने विकत घेतली. आज ज्यांच्यावर उड्या पडतात ते मरँट्झचे २२३०, २२४५, २२७० हे रिसीव्हर त्यानंतरचे आहेत.

वॉटचे आकडे वाचताना १९७४ हे साल ध्यानात ठेवावे. त्याआधी ‘म्युझिक पॉवर’, ‘पीक पॉवर’ अशा नावांखाली वाटेल ते छापले जाई. दोन्ही चॅनेलची बेरीज करायची, क्षणभर मिळणारी ताकद मोजायची आणि विकृती (मूळ आवाजात होणारी मोडतोड) किती हे सांगायचेच नाही, असा सारा प्रकार होता. नोव्हेंबर १९७४ पासून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या नियमाने याला लगाम घातला. सतत मिळणारी ताकद, किती ओहमवर, कोणत्या कंप्रता-पट्ट्यात आणि किती विकृतीसह, हे सारे एकत्र सांगणे बंधनकारक झाले. मोजणीआधी अँप एक तासभर एक तृतीयांश ताकदीवर चालवायचा, अशीही अट होती. ही अट दिसायला सौम्य, पण या संचांतल्या अँपचे आउटपुट ट्रान्झिस्टर सर्वांत जास्त तापतात ते पूर्ण ताकदीवर नव्हे, तर साधारण याच टप्प्याच्या आसपास. त्यात टिकायचे तर मोठे हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारे धातूचे भाग) आणि दणकट ट्रान्सफॉर्मर आलेच. त्या काळातल्या संचांच्या भारदस्तपणाचे श्रेय थोडे या सरकारी नियमालाही द्यायला हवे.

पुढे कंपन्यांमध्ये चढाओढच लागली. पायोनिअरचा एसएक्स-१०१० दर चॅनेलला १०० वॉटचा होता, १९७६ चा एसएक्स-१२५० हा १६० वॉटचा, आणि १९७८ चा एसएक्स-१९८० थेट २७० वॉटचा. त्याचे वजन सुमारे ३५ किलो. मरँट्झ २६०० आणि सॅन्सुई जी-३३००० यांनी ३०० वॉट गाठले, तर टेक्निक्स एसए-१००० ने ३३०. हे सगळे आकडे ८ ओहमवरचे. आज हे राक्षस संग्राहकांच्या किमतीला विकले जातात आणि दुरुस्तीला घ्यायचे तर दोन माणसे लागतात. दिवाणखान्यात गाणी ऐकायला त्यांची गरज जवळजवळ कुणालाच नसते.

गरज का नसते, ते डेसिबलच्या हिशेबात दिसते. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायचा तर १० डेसिबल, म्हणजे दसपट ताकद लागते. मरँट्झ २२३० हा ३० वॉटचा आणि २२७० हा ७० वॉटचा. दोघांच्या कमाल आवाजातला फरक चार डेसिबलही नाही. किमतीतला फरक मात्र चांगलाच जाणवतो. याउलट स्पीकर बदलला तर चित्रच पालटते. १ वॉटला १ मीटरवर ८६ डेसिबल देणारा बंद पेटीचा स्पीकर १०० वॉटवर १०६ डेसिबलपर्यंत जातो. क्लिप्श हेरसीसारखा हॉर्नचा, म्हणजे आत कर्णे बसवलेला, स्पीकर ९६ डेसिबलचा; त्याला तिथे पोचायला १० वॉट पुरतात. म्हणून ज्याच्याकडे हॉर्न आहेत त्याने पंधरा-वीस वॉटचा स्वच्छ आवाजाचा, कमी खरखरीचा छोटा संच शोधावा. मोठ्या संचाच्या पार्श्वभूमीवरची बारीक सूं सूं अशा स्पीकरमधून सोफ्यावर बसूनही ऐकू येते.

या संवेदनशीलतेइतकाच (एका वॉटला मिळणाऱ्या आवाजाइतकाच) महत्त्वाचा आहे इंपीडन्स, म्हणजे स्पीकरचा प्रवाहाला होणारा ओहममधला विरोध, आणि जुने संच बहुधा याच ठिकाणी बळी पडतात. स्पीकरच्या मागे छापलेले ‘८ ओहम’ ही नाममात्र गोष्ट असते. काही कंप्रतांवर तोच स्पीकर ४ किंवा ३ ओहमपर्यंत उतरतो. ५० वॉटचा अँप ८ ओहमला २० व्होल्टवर अडीच अँपिअर प्रवाह देतो. तेच व्होल्ट ३ ओहमवर पडले तर प्रवाह साडेसहा अँपिअरच्या वर जातो. आउटपुट ट्रान्झिस्टर आणि पॉवर सप्लाय तेवढे देऊ शकले नाहीत तर संच तापतो, फ्यूज उडतो, किंवा ट्रान्झिस्टर जाताना स्पीकरलाही घेऊन जातो. अ‍ॅकॉस्टिक रिसर्चचा एआर-३ए हा १९६७ चा नामांकित स्पीकर ४ ओहमचा आहे आणि तो ताकदही भरपूर खातो. त्याला छोटा रिसीव्हर जोडू नये. बीबीसीसाठी घडवलेला मूळ एलएस३/५ए नेमका उलट्या टोकाचा: १५ ओहम आणि संवेदनशीलता जेमतेम ८३ डेसिबल. तो प्रवाह कमी मागतो, पण ८ ओहमवर १०० वॉट देणारा ट्रान्झिस्टर अँप त्याला जेमतेम त्याच्या निम्मे वॉट देऊ शकतो. तसा या चिमुकल्या स्पीकरला फार ताकद सोसवतही नाही, त्यामुळे काही बिघडत नाही. व्हॉल्व्हच्या संचावर १६ ओहमचे टर्मिनल असते, म्हणून तिथे ही जोडी विनासायास जुळते. मात्र व्हॉल्व्हचा संच स्पीकर न जोडता कधीच वाजवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाण्याची भीती असते. ट्रान्झिस्टरच्या संचात धोका वेगळा: स्पीकरच्या दोन तारा एकमेकींना टेकता कामा नयेत.

समोरच्या पट्टीवरचे ए+बी हे बटण दिसायला निरुपद्रवी असते. बहुतेक संचांत ते दोन जोड्या समांतर जोडते, म्हणजे ८ ओहमच्या दोन जोड्यांचे ४ ओहम होतात. म्हणूनच मागच्या बाजूला सहसा एका जोडीसाठी किमान ४ आणि दोन्ही जोड्यांसाठी प्रत्येकी किमान ८ ओहम असे छापलेले असते. ४ ओहमच्या स्पीकरवाल्याने ते बटण नाही म्हणूनच समजावे. डॅम्पिंग फॅक्टरच्या (स्पीकरची हालचाल काबूत ठेवण्याच्या अँपच्या क्षमतेच्या) आकड्यांवर मात्र फारसे डोके खपवू नये. ट्रान्झिस्टरच्या कुठल्याही धड संचात तो पुरेसा असतो.

आता हातातल्या नगाकडे वळू. चाळीस-पन्नास वर्षांत आतले वीज साठवणारे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात, त्यामुळे ‘एकदम ओरिजिनल, हातही लावलेला नाही’ ही विक्रेत्याची जाहिरात कौतुकाची कमी आणि खर्चाची सूचना जास्त. बराच काळ बंद असलेला संच थेट प्लगला लावू नये. जाणकार मेकॅनिक आधी साधा फिलामेंटचा बल्ब सिरीजमध्ये घालतात. बल्ब क्षणभर पेटून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे. त्यानंतर ट्रान्झिस्टरच्या संचात स्पीकर न जोडता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून, स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने डीसी व्होल्ट मोजावेत. दहा-वीस मिलिव्होल्ट चालून जातात. पन्नासच्या वर गेले तर दुरुस्ती करूनच स्पीकर लावावा. सुरू केल्यावर काही सेकंदांनी संरक्षण रिलेचा (सगळे ठीक असेल तरच स्पीकर जोडणाऱ्या स्विचचा) ‘टक’ असा आवाज यायला हवा. तो आलाच नाही तर रिसीव्हर स्वतःच्याच आउटपुटवर विश्वास ठेवायला तयार नाही असे समजावे. बटणांची खरखर आणि एका बाजूचा जाऊन-येऊन आवाज हे दोष त्या मानाने किरकोळ, बहुतेक वेळा कॉन्टॅक्ट क्लीनरने जातात. पुष्कळ संचांच्या मागे प्रीआउट (प्रीअँपमधून बाहेर) आणि मेनइन (पॉवर अँपमध्ये आत) यांना जोडणारे यू-आकाराचे धातूचे तुकडे असतात. ते सैल किंवा काळे पडले की चॅनेल बंद पडतो, आणि घाबरलेला मालक चांगला संच मातीमोल विकतो. घेणाऱ्याचे नशीब!

सत्तरीच्या अखेरीस आणि ऐंशीच्या दशकात कित्येक कंपन्यांनी सुट्या ट्रान्झिस्टरऐवजी सॅन्योचे एसटीके मॉड्यूल (अँपचे भाग एकत्र बसवलेली बंद डबी) वापरले. ते चांगलेच वाजतात, पण जळले तर बदली मिळवताना नकली मालाशी गाठ पडते. आवाजाच्या दृष्टीने पन्नास वॉटखालच्या त्या काळच्या यामाहा सीआर मालिकेला किंवा एनएडी ७०२० ला नाके मुरडण्याचे कारण नाही. यामाहाचे कमी-जास्त करता येणारे लाउडनेस बटण (हळू आवाजात हरवणारा बास भरून काढणारे) तर रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्यांसाठी वरदानच आहे.

भारतात हे संच आले ते बहुधा आखातातून, बोटीवरच्या नोकरीतून किंवा परदेशातल्या नातलगांकडून, आणि त्यातले काही आजही मुंबईच्या चोरबाजारात किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात हाती लागतात. इथे घेताना मागचा व्होल्टेज सिलेक्टर पाहावा. तो असेल तर २४० वर ठेवावा, कारण आपल्याकडे वीज कित्येकदा २३० च्या वर जाते. अमेरिकेतला संच १२० व्होल्टचा आणि जपानच्या घरगुती बाजारातला १०० व्होल्टचा. त्याला पुरेशा क्षमतेचा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर हवाच. जपानी घरगुती संचाचा एफएम ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतच असतो, त्यामुळे ८७.५ ते १०८ या आपल्या पट्ट्यातली जवळजवळ सगळी केंद्रे त्याच्या डायलबाहेर राहतात. अमेरिकी संचावर ती लागतात, पण आवाज किंचित दबका येतो: तिथली डीएम्फसिस (प्रसारणात वाढवलेला ट्रेबल पुन्हा कमी करण्याची सोय) ७५ मायक्रोसेकंदांची, आपल्याकडची ५०. ही तक्रार ट्रेबलचा नॉब थोडा वर केला की बरीचशी मिटते.